एक तबकडी, सात दिवस: अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं कसं ऐकावं

‘शास्त्रीय संगीत ऐकायचंय, कुठून सुरू करू?’ असं कोणी विचारलं की मी सांगते, तीन मिनिटांपासून. दोन-अडीच तासांची मैफल नको, घराण्यांची माहिती देणारं पुस्तक नको, ‘शंभर सर्वोत्तम राग’ अशी यादी तर नकोच. एका गवयाची एक जुनी तबकडी घ्यायची आणि सात दिवस तीच ऐकायची.

ही पद्धत मला मामाच्या घरी लागली. मामा मिरजेला रेल्वेत होता. त्याच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता आणि लाकडी खोक्यात चाळीसेक तबकड्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गेलो की चावी देणं आणि पिन बदलणं हे माझं काम. पोलादी पिन एका बाजूला एकच वापरायची, नाहीतर तबकडीची रेघ खराब होते. त्यामुळे दर सव्वातीन मिनिटांनी गाणं थांबायचं, मी जुनी पिन डबीत टाकायची, नवी बसवायची, स्क्रू आवळायचा. त्या अर्ध्या मिनिटात खोलीत कोणी बोलत नसे. नुकतं ऐकलेलं कानात तसंच राहायचं. आता फोनवर एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू होतं, ते मी सगळ्यात आधी बंद करायला लावते. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप पुढे जाणं बंद करा. तबकडी संपली की निदान एक मिनिट शांत बसा.

त्या खोक्यातली एक तबकडी माझ्या हातून फुटली. लाखेची तबकडी खापरीसारखी असते, फरशीवर पडली की संपली. मी नऊ वर्षांची होते. मामा रागावला नाही, पण तुकडे त्याने टाकलेही नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून तसेच खोक्यात ठेवले. ती होती अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’. राग झिंझोटी. तीच तबकडी मी तुम्हाला पहिल्यांदा ऐकायला सांगणार आहे.

आधी आवाज नीट मिळवा

हे गाणं नेटवर अनेकांनी चढवलेलं आहे. कुठलंही उघडू नका, दोन-तीन लावून पाहा. काहींनी खरखर काढायच्या नादात आवाजाची वरची धारच काढून टाकलेली असते. ओळखायचं कसं? ‘स’ आणि ‘च’ ही अक्षरं ऐका. ती गोणपाटातून आल्यासारखी बोथट वाटली तर ती प्रत सोडा. खरखर असलेली चालेल. पाऊस पडत असताना आपण बोलणं ऐकतोच ना, तशी ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कानामागे जाते.

दुसरी गोष्ट वेगाची. आपण सरसकट ‘७८ आरपीएम’, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, म्हणतो, पण अगदी जुन्या तबकड्या नेमक्या त्याच वेगाने मुद्रित झालेल्या नसत, आणि उतरवून घेणाऱ्याच्या यंत्रातही फरक असतो. वेग वाढला की स्वर चढतो. एकाच तबकडीच्या दोन प्रतींत अर्ध्या स्वराचा फरक सापडला तर त्यातली एक नक्की चुकीची. ज्या प्रतीत शब्द धावल्यासारखे वाटतात आणि तबला टकटकतो ती बाजूला ठेवा. खाँसाहेबांचा आवाज मुळातच उंच आणि अरुंद, सुईच्या नेढ्यातून दोरा निघावा तसा. ‘हा पुरुषाचा आवाज आहे का?’ असं पहिल्यांदा मनात आलं तर तो दोष तुमच्या प्रतीचा नाही.

साधा स्पीकर वापरा. बास वाढवू नका. आणि एक वही घ्या.

पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी तीनदा ऐका आणि काहीही करू नका. राग ओळखायचा नाही, माहिती वाचायची नाही. वहीत एकच वाक्य लिहा: कुठे मान हलली? सेकंद बघून लिहा. ‘छान वाटलं’ असं लिहू नका, त्याचा पुढे काही उपयोग होत नाही.

दुसऱ्या दिवशी शब्द आणि ठेका. जितके शब्द कळतील तितके लिहा, न कळलेल्या जागी रेघ मारा. ‘पिया बिन’ ही ठुमरी, आणि ठुमरीचे शब्द थोडे असतात. एकच ओळ पुनःपुन्हा येते आणि दर वेळी वेगळ्या अंगाने येते, ते मोजा. मग मांडीवर हात धरून मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, जिथे परत येतो तिथे टाळी द्या. चुकली तर चुकू दे. मुखड्यातलं कोणतं अक्षर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतं ते शोधा. हे मी सांगत नाही, कारण स्वतः सापडलेली सम पुन्हा हरवत नाही.

तिसरा दिवस गंधाराचा

या दिवसावर मी जास्त वेळ घालवायला सांगते. सातांतला एकच दिवस जमणार असेल तर हा करा.

आधी तानपुरा ऐका. जुन्या तबकडीत तो जवळजवळ ऐकूच येत नाही, मागे कुठेतरी धुकं असल्यासारखा असतो. म्हणून तो वेगळा ऐकावा लागतो. फोनवरचं तानपुऱ्याचं ॲप चालेल. ते गायकाच्या ‘सा’ला जुळवायचं. ‘सा’ कसा ओळखायचा? तबकडी ऐकताना तोंड मिटून गुणगुणा. जिथे येऊन तुम्हाला आपोआप थांबावंसं वाटतं, जिथे वाक्य संपल्यासारखं वाटतं, तो बहुतेक ‘सा’. ॲपची पट्टी वरखाली करून तिथे आणा. दहा-पंधरा मिनिटं जातील. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी एकालाही हे पहिल्या झटक्यात जमलेलं नाही, आणि एकालाही शेवटी जमलं नाही असंही झालेलं नाही.

पण जमलं तर खरा तानपुरा ऐका. मी सांगलीत राहते, त्यामुळे मला हे सोपं आहे. मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत गेलं की पंढरपूरकडचे वाळवलेले भोपळे दोरीला टांगलेले दिसतात, आत तुणीच्या लाकडाचे दांडे, आणि कोपऱ्यात एखादा कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढत बसलेला असतो. घोडीचा पृष्ठभाग तो कानसेने इतका हलका घासतो की डोळ्यांना काही फरक दिसत नाही. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो, आणि एका क्षणी बद्द वाजणारी तार उघडते, गुंजू लागते. हे एकदा बघावंच.

चांगला जुळलेला तानपुरा कानाजवळ धरा आणि चौथी तार छेडा, ती जाड पितळेची खर्जाची. त्या तारेवर लावलेला आहे ‘सा’. पण थोडं थांबलात तर त्या ‘सा’च्या वर, लांबून, ‘ग’ ऐकू येतो. कोणी लावलेला नाही, तारेतूनच निघतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्यांदा तो ऐकू आला तेव्हा मी चाळिशीत होते, गणित शिकवण्यात वीस वर्षं गेलेली. एका तारेच्या पाचपट कंपनांचा स्वर म्हणजे गंधार, हे मला कागदावर केव्हाच माहीत होतं. कानाने कळलं त्या दिवशी मी दुकानातल्या बाकावर तशीच बसून राहिले.

आता परत तबकडीकडे या. झिंझोटीत गंधार शुद्ध आहे, म्हणजे तानपुऱ्यातून निघणाऱ्या गंधाराचाच भाऊ. या रागाची चाल खालून येते: मंद्र धैवतावरून, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘ध’वरून, ‘ध सा रे म ग’. मध्यमाला जाऊन मागे वळून गंधारावर उतरायचं. खाँसाहेब गंधारावर कसे उतरतात ते ऐका. पाय टाकल्यासारखा ते स्वर टाकत नाहीत, त्यात विरघळतात. स्वर लागला की त्याची ‘आस’ पुढच्या स्वरापर्यंत तुटत नाही. खाँसाहेबांच्या किराणा घराण्याबद्दल पुढे तुम्ही पुष्कळ वाचाल, सुरेलपणा वगैरे. त्या सगळ्याची जागा इथे आहे, या एका गंधारात. त्या दिवशी बाकी काही ऐकू नका. गंधार जितक्या वेळा येईल तितक्या वेळा वहीत टिंब द्या.

चौथ्या दिवशी चरित्र उघडा

तीन दिवस मी तुम्हाला वाचू दिलं नाही, कारण चरित्र आधी वाचलं की कान त्याचंच ऐकतो. आता वाचा.

अब्दुल करीम खाँ १८७२ साली किराणा गावी जन्मले, आजच्या उत्तर प्रदेशात. तरुणपणी बडोद्याच्या दरबारात आले. तिथल्या सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याबरोबर त्यांनी संसार मांडला आणि बडोदं सोडलं. १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. विद्यार्थी जवळ ठेवून शिकवायचे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी श्रुतींचा, म्हणजे स्वरांच्या मधल्या सूक्ष्म जागांचा, अभ्यास करत होते, त्यांना खाँसाहेबांनी गळ्यातून श्रुती काढून दाखवल्या. म्हैसूर दरबारात त्यांना मान होता. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे हे गायक त्या मुलांतलेच. खाँसाहेब मिरजेला स्थिरावले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले. प्लॅटफॉर्मवरच अंथरूण घातलं, तानपुरा लावायला सांगितला आणि दरबारी रागाच्या सुरांत प्रार्थना करत डोळे मिटले, असं त्यांचे शिष्य सांगत आले. मिरजेत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं होतं.

आता काळजीची गोष्ट. हे वाचून झाल्यावर ‘पिया बिन’ लावलं की ताराबाई आठवतील. घर मोडलेला माणूस विरहाची ठुमरी गातोय, असं वाटेल. तो मोह आवरा. ठुमरीतली विरहिणी ठुमरीचीच असते, ती गवयाच्या घरातली नव्हे. आनंदात असलेला गवईही तेच शब्द गातो आणि तितकेच खरे गातो. त्याच्या दुःखाचा अंदाज बांधत बसलात तर त्याची मेहनत ऐकायची राहून जाईल, आणि माझ्या मते हा त्या माणसावर अन्याय आहे.

मग चरित्र कशाला वाचायचं? कारण काही गोष्टी त्यातून खरोखर कानाला सापडतात. देवलांच्या श्रुती वाचल्यावर तिसऱ्या दिवशीचा गंधार परत ऐका. स्वराची जागा केसाइतकी नेमकी असावी हा त्यांचा ध्यास होता. म्हैसूरचं वाचल्यावर त्यांच्या इतर तबकड्यांतली सरगम, म्हणजे सा-रे-ग अशी स्वरांची नावं घेत गाणं, ऐका; दक्षिणेकडच्या गाण्यात ती नेहमीची. उत्तरेकडच्या ख्यालियांत तेव्हा सरगम असं मोकळेपणी कोणी घेत नसे. कर्नाटक संगीत ते नुसतं ऐकत नव्हते, त्यांनी त्यागराजांची ‘रामा नी समानमेवरु’ ही खरहरप्रिया रागातली कृतीही तबकडीवर गायली आहे. किराण्यात जन्मलेला, मिरजेत राहणारा मुसलमान उस्ताद तेलुगू गातोय, ते ऐकाच. आणि वयाचा हिशोब करा: ‘पिया बिन’ मायक्रोफोनच्या काळातली, म्हणजे त्यांच्या अखेरच्या काही वर्षांतली आहे. साठी ओलांडलेल्या माणसाचा तो आवाज आहे. पाचव्या दिवशी फक्त श्वास ऐका, कुठे घेतला आणि कुठे लपवला. साठीतला दम कसा पुरवला आहे ते तिथे कळतं.

सहावा आणि सातवा

सहाव्या दिवशी तीच ठुमरी भीमसेन जोशींची ऐका. गदगकडचा हा मुलगा लहानपणी खाँसाहेबांची हीच तबकडी ऐकून वेडा झाला आणि गुरूच्या शोधात घर सोडून पळाला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. शेवटी तो गुरू घराजवळच सापडला, कुंदगोळला: रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, खाँसाहेबांचेच शिष्य. भीमसेनजींचा आवाज रुंद, भरदार, खर्जातही दणदणीत. खाँसाहेबांच्या बारीक आवाजाशी त्याचं काहीच साम्य नाही. तरी गंधारावर उतरताना बघा. मधे एक पिढी गेली, गळा बदलला, आणि उतरण तीच राहिली. वारसा म्हणजे काय ते मला तरी दुसऱ्या कशातून इतकं स्पष्ट कळलं नाही.

सातव्या दिवशी मुद्दाम उलट टोकाला जा. केसरबाई केरकरांची भैरवी ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, जयपूर घराणं. इथे आवाज खुला, घट्ट, ‘आ’कार कुठेही झाकलेला नाही, आणि ताना सरळ अंगावर येतात. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली तिच्यात भारतातून हीच भैरवी आहे. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. हे ऐकताना कोण मोठं याचा वाद घालू नका. सहा दिवस बारीक दोऱ्याची सवय झालेल्या कानावर हा आवाज पडला की दोघांचंही गाणं आधीपेक्षा स्पष्ट दिसतं, तेवढंच काम या दिवसाचं.

पुढे कुठली घ्यावी

शब्दांनी अडत असाल तर दुसऱ्या आठवड्यात खाँसाहेबांचंच मराठी घ्या: ‘चंद्रिका ही जणू’, ‘मानापमान’ नाटकातलं पद. १९११ साली आलेलं हे नाटक, पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. मराठी शब्द खाँसाहेबांच्या तोंडी थोडे वेगळे होतात आणि मला ते फार आवडतात. त्यानंतर ‘जमुना के तीर’, भैरवी. मग हिराबाईंची कुठलीही तबकडी, तीही सात दिवस. वडिलांच्या आवाजातला अलगदपणा तिथे मुलीकडे आलेला ऐकू येईल.

आठवड्याला दोन तबकड्या करायचा मोह होतो. करू नका. एका आठवड्यात एकच. वर्षाला बावन्न होतात, त्या पुष्कळ झाल्या. आणि वहीतली पहिल्या दिवसाची वाक्यं खोडू नका, जरी नंतर ती कच्ची वाटली तरी.

सध्या माझ्या वहीत खाँसाहेबांच्या जोगियाचं पान उघडं आहे, ‘पिया के मिलन की आस’. आज पाचवा दिवस. कोमल रिषभ ते लावतात तो नेमका कुठून येतो आणि कुठे जातो, मला अजून पकडता आलेला नाही. सात-आठ टिंबं दिली आहेत आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. उद्या पहाटे, रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आत, परत लावणार आहे.